पवनीच्या दादांची पट्टी बाकी आहे
(एम. ए. मराठीच्या आमच्या ऑनलाइन वर्गातल्या सगळ्यांना खुलं पत्र)

नागपूर, बुधवार, रात्रीचे साडेदहा

मंडळींनो,

नमस्कार. मी कोण हे लक्षात आलं नसेल तर सांगते. हजेरीच्या यादीत माझं नाव शेवटून चौथं आहे, आणि ऑनलाइन तासाला मागून जो घर्रर्र आवाज येतो तो माझ्या घरच्या कुलरचा. बोलायची पाळी आली की मी तो बंद करते. त्यामुळे माझं बोलणं दोन मिनिटांच्या वर कधी गेलेलं नाही. एप्रिलातल्या नागपुरात कुलर बंद करून यापेक्षा जास्त साहित्यविचार होत नाही, बाप्पा.

हे पत्र आपल्या चर्चेच्या फळ्यावर, म्हणजे दर आठवड्याला जिथं आपण नोंदी लिहितो त्या ऑनलाइन पानावर, टाकता आलं असतं. पण तिथं टाकलं की त्याची ‘नोंद क्रमांक एक’ होणार, त्याखाली रविवारी रात्री ‘छान विचार मांडलेत ताई’ असे चार प्रतिसाद पडणार आणि सोमवारी नवा विषय येणार. मला तेच नको आहे. शिवाय माझी पुतणी दुसऱ्या एका विद्यापीठातून ऑनलाइन वाणिज्य शिकते. तिच्याकडेही हुबेहूब असंच चाललंय म्हणे. म्हणून उघड लिहिते आहे.

गोष्ट दुसऱ्या सत्राच्या पाचव्या आठवड्याची आहे. विषय होता ‘महदंबेच्या धवळ्यांचे वाङ्मयीन महत्त्व’. दीडशे शब्दांची एक नोंद, दोन सहाध्यायींना प्रतिसाद, मुदत रविवार रात्री ११.५९. आपण ५८ जण. रविवारी रात्री दहानंतर आपल्या फळ्यावर जी गर्दी होते तिला मी मनात ‘दिवाळीच्या आदल्या दिवसाची बर्डी’ म्हणते, बर्डी म्हणजे आमची नागपूरची बाजारपेठ. सगळे आत शिरतात, ढकलाढकली करून हातातली पिशवी ठेवतात आणि बाहेर पडतात. त्या रात्री मी मोजलं होतं. ‘महदंबा ही मराठीतील आद्य कवयित्री होय’ हे वाक्य शब्दशः एकोणीस नोंदींची सुरुवात होतं. त्यातली एक नोंद माझी होती.

पण त्या आठवड्यात एक नोंद बुधवारीच आली होती, पहाटे दोनच्या सुमारास. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीकडचे एक दादा आहेत आपल्या वर्गात. त्यांनी काय विचारलं होतं ते आठवतंय का कुणाला? त्यांनी लिहिलं होतं की त्यांच्या गावी लग्नात हरदीला बाया रात्रभर गानी म्हणतात, नवरदेवाची आणि नवरीची. धवळे म्हणजेसुद्धा लग्नात वरासाठी म्हणायची गाणीच ना? मग महदंबेची गाणी अभ्यासाला आणि आमच्या आजीची गानी का नाहीत? शेवटच्या ओळीत ‘फक्त मोठ्यांनी मोठ्यांचं जपलं’ असा सूर. एवढंच. पाच-सहा ओळी. आद्य कवयित्री वगैरे काही नाही.

सबंध आठवड्यात त्याला एकच प्रतिसाद आला. ‘“हळद”, “गाणी” – कृपया शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.’

आणि त्या प्रतिसादाला तीन जणांनी अंगठा दिला. त्यातला एक माझा.

का दिला, तर त्या दिवशी दुकानातून यायला उशीर झाला होता, पोळ्या व्हायच्या होत्या, आणि अंगठा दिला की फळ्यावर ‘आपला सहभाग नोंदवला गेला आहे’ असं हिरवं वाक्य येतं. त्या हिरव्या वाक्यासाठी दिला. दादांची नोंद मी पूर्ण वाचलीही नव्हती, वरवर बघितली होती. पुढच्या सत्रात बोलीभाषांचा घटक आला तेव्हा कळलं की पवनीकडे बोलतात त्या झाडीबोलीत ण आणि ळ हे वर्णच नाहीत. म्हणजे दादांनी चूक केलीच नव्हती. ते त्यांच्या घरी जसं बोलतात तसं, पहाटे दोन वाजता, भाषेच्या वर्गात बोलले होते. आणि भाषेच्या वर्गानं त्यांना ण आणि ळ दाखवून गप्प केलं.

त्यानंतर त्यांची एकही नोंद नाही. यादीत नाव आहे, पण नावापुढचा टिंब राखाडी आहे. आपल्यामुळेच गेले असं मी म्हणत नाही. धानाचं काम असेल, पैशाची अडचण असेल, घरी काही झालं असेल. माणूस शिक्षण सोडतो तेव्हा कारणं एकात एक गुंतलेली असतात. पण आपण त्यांना थांबायला एकही कारण दिलं नाही, हे तर खरंच आहे.

मी कळमन्याच्या बाजारात एका अडत दुकानात हिशोब लिहिते. बावीस वर्षं झाली. आमच्याकडे शेतकऱ्याचा माल उतरला, तोलला, विकला गेला की त्याला पट्टी द्यावी लागते. भाव काय लागला, वजन किती भरलं, हमाली-तोलाई किती कापली, हातात किती पडणार. भाव पडलेला असो की चढलेला, पट्टीशिवाय माणूस परत पाठवत नाहीत. भाव आवडला नाही तर तो भांडेल, पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानी जाईल, पण आपल्या मालाचं काय झालं हे त्याला कळलेलं असतं. दादा रात्री दोनला आपला माल घेऊन आले होते. त्यांना आपण पट्टी दिलीच नाही. वर ‘पोतं नीट शिवलेलं नाही’ म्हणून सांगितलं.

आता कुणी म्हणेल, ताई, हे एवढं मनाला काय लावून घ्यायचं, दहा गुणांची तर चर्चा आहे. मलाही तसंच वाटायचं. मग मी जरा शोधत गेले. केंद्र सरकारचं ‘स्वयम्’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ २०१७ साली सुरू झालं, त्यातल्या अभ्यासक्रमांची घडण चार भागांची आहे: व्हिडिओ, वाचायचं साहित्य, स्वतःला तपासून बघायच्या चाचण्या आणि शंका-चर्चेची जागा. म्हणजे चर्चा हे शेपूट नव्हे, चार खांबांतला एक खांब आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे तर एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय विद्यार्थ्याला तिथून करता येतात. उद्या कितीतरी मुलांचा जवळजवळ अर्धा वर्ग अशा फळ्यावरच भरणार आहे. तीन खांबांवर मांडव उभा राहतोही, पण वारा सुटला की कळतं.

कॅनडातल्या गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या तिघांनी २००० साली ऑनलाइन लेखी चर्चांचा अभ्यास करून एक मांडणी केली होती. अशा वर्गात शिकणं घडायचं तर तीन प्रकारची उपस्थिती लागते. माणसं एकमेकांना माणसं म्हणून जाणवली पाहिजेत, विचार पुढे सरकला पाहिजे, आणि शिक्षक त्या जागेत असले पाहिजेत. नुसते गुण देणारे नव्हेत, दिशा देणारे. हे वाचलं आणि आपल्या फळ्याचा हिशोब मांडला. पहिली उपस्थिती: आपल्याला एकमेकांची नावं ठाऊक आहेत, बस. दुसरी: एकोणीस वेळा ‘आद्य कवयित्री होय’. तिसरी: शिक्षकांबद्दल मी इथे फार बोलणार नाही. त्यांच्याकडे असे चार वर्ग आहेत आणि ते कंत्राटी आहेत हे आपल्याला माहीत आहे. पण सर, मॅडम, हे वाचत असाल तर आठवड्यातून एकदा, बुधवारी-गुरुवारी, एकच प्रश्न टाकून जात जा. शाबासकी नको. प्रश्न.

आपल्याला चर्चा येत नाही असं मुळीच नाही. पहिल्या सत्राचा पहिला आठवडा आठवा. ओळखीचा आठवडा होता, त्याला गुण नव्हते. मी सहज लिहिलं होतं की रविवारी तर्री-पोहे करते, वरून भरपूर सांबार घालते. पुण्याकडच्या एका ताईंनी विचारलं, ‘पोह्यांवर सांबार? इडलीचं?’ आणि मग काय झालं! कुणी सांगितलं की नागपूरकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. कुणी म्हणालं की आमच्याकडे जाम म्हणजे पेरू. मग बरबटी आली, आलू आला, फल्लीदाणे आले, ‘येऊन राहिला’ नि ‘करून राहिला’ आलं. कोल्हापूरच्या दादांनी त्यांच्याकडचे शब्द आणले. एका मुलीनं विचारलं, हिंदीमुळे आमची मराठी अशी झाली की ती मुळातच अशी होती? त्यावर दोन गट पडले. तिसऱ्या दिवशी मॅडम आल्या आणि एवढंच विचारून गेल्या की शब्द उसना आणि वाक्याची घडण उसनी, यात फरक आहे का? ती चर्चा मी चार वेळा वाचली आहे. बोलीभाषांच्या पेपरात एक प्रश्न मी निव्वळ तिच्या जिवावर लिहिला. कुठल्याही गाइडात ते नव्हतं.

गुण नसलेला तो एकमेव आठवडा सगळ्यात चांगला गेला, यावरून काय घ्यायचं हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. गुण काढून टाका म्हणावं, तर आठव्या आठवड्यात कोण येईल? मी तरी आले असते का? मार्च संपायला आला की आमच्याकडे वर्षाचे खाते बंद करायचे असतात, मिरचीचा हंगाम असतो, दुकानात बसलं तरी ठसका लागतो. दहा गुण नसते तर मी फळा उघडला नसता. म्हणजे गुण आपल्याला दारापर्यंत आणतात. पण नोंद किती शब्दांची आणि प्रतिसाद किती, एवढंच मोजलं की मग आपण दारातूनच पिशवी टाकून परत फिरतो.

अलीकडे तर पिशवीही आपली नसते. ‘निष्कर्षतः असे म्हणता येईल की’ नं संपणाऱ्या नोंदी वाढल्या आहेत. त्या कुठून येतात हे मला कळतं, तुम्हालाही कळतं. वाईट याचं वाटतं की मग त्यावरचा प्रतिसादही तिथूनच येतो. यंत्रानं लिहिलं, यंत्रानं कौतुक केलं, मधे आपण दोघं फक्त फी भरणारे. यावर जास्त बोलत नाही.

मला ज्यावर बोलायचं आहे ते दुसरंच आहे. १९९६-९७ साली मी नागपुरातल्या एका कॉलेजात बी. ए. करत होते. तीन वर्षांत वर्गात मी एकदाही तोंड उघडलं नाही. मुली डावीकडच्या बाकांवर, पुढचे दोन बाक धरमपेठच्या, मागचे आमच्यासारख्या मानेवाड्या-हुडकेश्वरकडून सायकलनं येणाऱ्यांचे. सर प्रश्न विचारायचे आणि मी वाक्य जुळवेपर्यंत उजवीकडून कुणीतरी उत्तर देऊन मोकळा व्हायचा. मला वाटायचं मी मंद आहे. परवा वाचलं की मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी १९७०च्या दशकात शाळांतल्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून हेच मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात, जास्त मुलं बोलतात, ‘माहीत नाही’ कमी होतं. फक्त दोन सेकंद वाढवून! माझी तीन वर्षं त्या दोन सेकंदांत गेली, हे वाचून मी थोडा वेळ नुसती बसून राहिले.

आणि इथं, या फळ्यावर, मला एक सेकंद नाही, सात दिवस मिळतात. सोमवारी प्रश्न येतो, मी तो डोक्यात घेऊन कळमन्याला जाते, मृगाच्या संत्र्यांची पट्टी लिहिते, परत येताना सिग्नलवर काहीतरी सुचतं. ज्यांना हात वर करायला जमत नाही, ज्यांच्याकडे शांत खोली नाही, ज्यांचं बाळ रात्री एकला झोपतं, त्यांच्यासाठी हा वर्ग आहे. पवनीचे दादाही कुठलं तरी काम उरकून रात्री दोनलाच आले होते. आपल्या हातात सात दिवस असताना आपण ते रविवारच्या शेवटच्या दोन तासांत कोंबतो, आणि मग चर्चा होत नाही म्हणतो. अहो, बोलायला समोर माणूस तर पाहिजे. सगळे एकदम ११.५५ ला लिहितील तर वाचणार कोण?

‘चर्चा आपली व्हॉट्सॲपवर होते ना’ असंही काही जण म्हणतात. होते. तिथं पीडीएफ येतात, पेपरची तारीख येते, गुड मॉर्निंग येतं. एखादा खरा प्रश्न आलाच तर दोन तासांत तो वर सरकून नाहीसा होतो. शिवाय त्या ग्रुपवर पाच-सहा जणच बोलतात आणि बाकीच्यांनी तो म्यूट करून ठेवला आहे. माझाही म्यूट आहे.

तेव्हा मी माझ्यापुरतं काय ठरवलं ते सांगते. तुम्हाला पटलं तर बघा. फळा उघडला की आधी स्वतःची नोंद टाकायची नाही. खाली जाऊन ज्या नोंदीखाली शून्य लिहिलं आहे ती शोधायची, पूर्ण वाचायची आणि तिला उत्तर द्यायचं. ‘सहमत’ लिहायचं नाही. सहमत असेन तर नेमक्या कुठल्या वाक्याशी ते लिहायचं, आणि नसेन तर तेही. आपल्याकडे एक मोठी खोड आहे. ‘तुमचं पटलं नाही’ म्हणजे भांडण असं आपल्याला वाटतं, म्हणून सगळे गोड बोलतात. त्या सांबारच्या आठवड्यात आपण चांगले दोन दिवस भांडलो होतो आणि कुणाचंच काही बिघडलं नव्हतं. आणि कुणाचं शुद्धलेखन चुकलंसं वाटलं तर ते एकट्याला कळवायचं, तेही ती चूकच आहे ना याची खात्री करून. टायपिंग जमत नसेल तर फोनला बोलून लिहायला सांगा, आता त्याला मराठी बरी कळते. मी अर्धं पत्र तसंच लिहिलं आहे. कळमन्याचं त्यानं दोनदा ‘कळवण्याचं’ केलं, एवढंच.

ज्या महदंबेवर आपण एकोणीस वेळा एकच वाक्य लिहिलं, तिच्याबद्दलची एक गोष्ट आपल्या पहिल्याच सत्राच्या वाचनात होती. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी तिला चर्चक म्हणत. ती सारखं काही ना काही विचारत राही म्हणून. तेराव्या शतकातली बाई, आणि आज आपण तिचं नाव घेतो त्यात तिच्या विचारत राहण्याचाही मोठा भाग आहे. तिच्या नावाच्या आठवड्यात खरा प्रश्न विचारणारा एकच माणूस निघाला.

आता दादांसाठी. दादा, हे पत्र तुमच्यापर्यंत पोचेल की नाही ठाऊक नाही, पण तुमची पट्टी लिहिते आहे. उशीर झाला, त्याबद्दल माफ करा. आणि तो अंगठा माझा होता, त्याबद्दलही.

तुमचा प्रश्न होता, महदंबेची गाणी अभ्यासाला आणि आजीची का नाहीत. मला अर्धं पटलं, अर्धं नाही. पटलं ते असं की धवळेही मुळात गाण्यासाठीच होते. रिद्धपूरला चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांना लग्नाची लहर आली, तेव्हा महदंबेनं ते गायले. कृष्ण-रुक्मिणीचं लग्न त्यांत आहे. कागदावर ते नंतर आले. म्हणजे हरदीच्या गान्यांचं आणि त्यांचं गोत्र एकच, यात मला शंका नाही. पण ‘फक्त मोठ्यांनी मोठ्यांचं जपलं’ असा जो सूर तुमच्या शेवटच्या ओळीत होता, तो मला तितकासा बरोबर वाटत नाही. महदंबेच्या पंथाचे, महानुभाव, काही सत्तेवरचे लोक नव्हते. त्यांच्या पोथ्या सांकेतिक लिपीत होत्या आणि विसाव्या शतकापर्यंत बाहेरच्यांना वाचताही येत नव्हत्या. त्या टिकल्या, कारण त्यांच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या हातानं उतरवून घेतल्या. आजीची गानी कुणी उतरवली नाहीत. ती कमी प्रतीची होती म्हणून नाही, ती पुढच्या लग्नातही कुणीतरी म्हणेलच असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं म्हणून. आमच्याकडे आता हळदीला डीजे असतो. तुमच्याकडे?

अजून एक विचारायचं आहे. तुमच्या गावी पहिली ओळ एकच बाई उचलते आणि बाकीच्या झेलतात, की दोन बाजू असतात, वराकडच्या आणि वधूकडच्या? दोन बाजू असतील तर गाण्यात सवाल-जवाब येतात का? धवळ्यांशी ताडून बघायला ते कळलं पाहिजे, आणि ते पुस्तकात मिळणार नाही.

माझी मावशी उमरेडला असते, वय एक्क्याऐंशी. काल तिला फोन केला. म्हटलं, मावशी, हळदीची गाणी येतात का गं अजून? ती म्हणाली, ‘येतात नं, पन फोनवर नाई म्हनत मी. वही घेऊन ये.’ रविवारी जाते आहे. त्यामुळे या रविवारी रात्री ११.५९ ला माझी नोंद नसेल, ती मंगळवारी येईल. तुमच्याकडची दोन गानी जरी लिहून टाकलीत तर दोन्ही शेजारी ठेवून बघू. लिहाल तसं लिहा. ण-ळ नसले तरी चालतील.

तुमची एक वर्गभगिनी,
हजेरीत शेवटून चौथी